मी ऐकलो

पुण्याची पाहुणी हसली होती एकदा.
मी म्हटलो, "बसा, चहा टाकतो."
बाईमाणूस असून टाकतो?
आमच्या वडगावात बायका असंच बोलतात, सांगितलो,
मी आलो, मी जेवलो, मी बाळंत झालो.
बोलण्यापुरते आम्ही सगळे पुरुष.

पुस्तकात लिहितात, त्याने तिला मारले.
मारले. आता ह्या शब्दात तो कुठं हाय,
शोधून दाखवा.
आम्ही म्हणतो, तो मारला.
पाहुणी दचकली. "मारला? कुणाला? कोण गेला?"
कोण गेला न्हाय बाई, बसा,
चहा गार होतोय.

घरात चार माग.
सकाळी मोटर सुरू झाली की धोट्याच्या खटखटीत
आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत न्हाय.
आम्ही एकमेकांचे ओठ बघून बोलतो.
सासरा मागाचा धंदा काढला,
नवरा त्या आवाजाचा उपयोग काढला.
माग चालू असतानाच मारायचा, कायम.
बुधवारी केईबीवाले लाईट काढतात.
बुधवारी आमच्या घरात
कधी भांडण झालं न्हाय.

सौंदत्तीला नवस बोललो तेव्हा हा पोरगा झाला.
नाव ठेवलो परशराम.
तो देवाचा परशराम बापाच्या शब्दावर आईला काय केला,
डोंगर चढताना सगळ्यांना पाठ असतंय.
बारशात कुणाला आठवलं न्हाय.
मलापण.

चालायला लागला, पडायचा.
रडू नको, मी म्हणायचो, तू काय पोरगी हायस?
आणि दगड दाखवायचो.
"हा पाडला व्हय माझ्या बाळाला? हाण त्याला."
हाणायचा.
हसायचा.
मी मुका घ्यायचो.

नलू उंबऱ्यावर आपटली
तर म्हटलो, बघून चालायचं.

ती नलू लग्नानंतर पाचव्या महिन्यात आली,
ओठ फुटलेला, हातात नुसती पिशवी.
मी विचारलो, "तू काय बोललीस?"
पहिला प्रश्न तोच विचारलो.
दोन दिवस ठेवून घेतलो, ओटी भरलो,
गोकाकच्या गाडीत बसवलो.
खिडकीतनं ती काहीतरी म्हणाली.
गाडीचा आवाज होता.
खरं सांगतो, ओठ बघायला येतात मला.
बघितलो न्हाय.

शिवलीला, सून, बैलहोंगलची.
मराठी माझ्याकडनं शिकली, आलो-गेलो म्हणते.
मार खाताना मात्र कन्नड येतं तोंडात.
ब्याड री, ब्याड.
ह्या गावात दुकानाची पाटी कुठल्या भाषेत,
त्यावर डोकी फुटलेली हायत.
मला ते "ब्याड" कळायला कोण लागला न्हाय.
आणि ती "री".
मार खातानापण मान द्यायची सोडत न्हाय पोरगी.

परवा मंगळवार.
चारी माग चालू, मी कांड्या भरत होतो.
दाराच्या फटीतनं तिचे ओठ दिसले.
कांडी हातात तशीच घेऊन उठलो,
भिंतीवरचा मेन खाली ओढलो.

धोटा निम्म्या साडीत थांबला.
आतनं परशराम ओरडला,
"लाईट गेली काय?"
हात वरच असणार त्याचा.
"न्हाय," म्हटलो. "मी काढलो."

शेजारच्या कलबुर्गींचा माग थांबला.
त्याच्या पलीकडचा पण थांबला,
थोडा वेळ,
मग परत सुरू झाला.
त्या मधल्या वेळात
आत शिवलीला नाक ओढली.
मी ऐकलो.

परशराम दारात आला.
पडलेलं पोर बघतं तसा बघत होता माझ्याकडं,
आता कुणाला हाणू
ते आई सांगेल म्हणून.

मेनवरचा हात मी काढलो न्हाय.